बाईच्या पानात काय पडतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बायकांचा रक्तक्षय आणि अपुरं पोषण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या अंकात घेतली आहेत. उत्तरांआधी दोन आकडे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि गोव्यात ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत गोव्याचा आकडा ३१.३ होता, म्हणजे तो वाढला. त्याच वयाच्या गोव्यातल्या पुरुषांत मात्र तो १२ टक्क्यांच्या आसपास आहे. राज्य तेच, बाजार तोच, तरी एवढी तफावत! पहिलं पत्र नेमकं याबद्दलच आहे.

प्रश्न : आमचं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे. घरचं भात, घरचे नारळ, आठवड्यातून चार-पाच दिवस नुस्तं (मासे). तरी माझ्या पत्नीचं (वय ३४) हिमोग्लोबिन ८.९ आलं आणि माझं १४.६. एकाच चुलीवरचं दोघंही जेवतो, मग असं का? बीट आणि खजूर सुरू केले, दोन महिन्यांत काहीच फरक नाही. (वाळपई)

चूल एक असली तरी पानं दोन असतात, आणि दोन शरीरांची गरजही सारखी नसते. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह. एका गरोदरपणात शरीराला जवळजवळ १,००० मिलिग्रॅम लोह पुरवावं लागतं. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये लोहाची रोजची गरज पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम धरली आहे. तुमच्यापेक्षा कमी जेवणाऱ्या माणसाला तुमच्या दीडपट लोह हवं आहे.

आता पान पाहू. दिवसाचा ३०० ग्रॅम तांदूळ, उकडा असो की सुरय (न उकडलेला), त्यातून लोह मिळतं जेमतेम २ मिलिग्रॅम. हुमणाच्या (माशांच्या आमटीच्या) रसात लोह नसल्यातच जमा. माशाच्या फोडीतही ते फार नसतं, पण मासा किंवा मांस सोबत असलं की भाजी-कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं. म्हणून फोड कोणाच्या पानात पडते हा प्रश्न नुसत्या मानापानाचा नाही. बांगड्याच्या फोडी सहा आणि माणसं पाच असली, तरी वाढणारीच्या वाट्याला पुष्कळदा डोकं, शेपटी आणि रस एवढंच येतं. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत भाव चढले, की सगळ्यात आधी तिचीच फोड जाते. पत्नी शेवटी जेवत असतील, तर पुढचे सात दिवस त्यांच्या पानात खरोखर काय पडलं ते कागदावर लिहून काढा.

बिटाचा लाल रंग रक्ताचा नव्हे. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं. खजूर चांगला, पण दोन खजुरांनी ही तूट भरत नाही. त्याऐवजी आपल्याच स्वयंपाकघरातलं घ्या:

नाचणी ५० ग्रॅम, आंबील करून किंवा भाकरीत : सुमारे २.३ मिलिग्रॅम
कुळीथ ३० ग्रॅम, मोड आणून किंवा पिठीत : २.६ मिलिग्रॅम
अळसांद्यांचं (मोठ्या चवळीचं) किंवा चवळीचं तोणाक (रसभाजी), सुकी कडधान्यं ४० ग्रॅम : सुमारे २ मिलिग्रॅम
तांबडी भाजी (तांबडा माठ), १०० ग्रॅम निवडलेली पानं : ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त

भातासकट बेरीज १३-१४ च्या घरात जाते. तीळ, पोहे, तिसऱ्या यांनी ती थोडी वाढेल, पण २९ गाठणं कठीण. शिवाय भाजी-धान्यातलं लोह अंगी लागतं ते दहा टक्क्यांच्या आतच. म्हणूनच स्पष्ट सांगतो, ८.९ वर आलेलं रक्त जेवणाने वर येणार नाही. जेवण ते पुन्हा खाली जाऊ नये यासाठी आहे, आत्ता गोळी लागेल. गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली रक्तक्षय, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. मध्यम रक्तक्षयाला डॉक्टर साधारण रोज ६० ते १२० मिलिग्रॅम शुद्ध लोह देतात. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढलं पाहिजे. १२ च्या वर गेल्यावरही गोळ्या लगेच थांबवू नयेत, पुढचे दोन-तीन महिने घ्याव्या लागतात. नाहीतर रक्त भरतं, पण शरीरातली लोहाची शिल्लक कोरडीच राहते आणि वर्षाच्या आत पुन्हा पहिले पाढे.

जेवताना किंवा जेवल्याबरोबर घेतलेला चहा भाजी-धान्यातलं लोह निम्म्याहून जास्त अडवतो. जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास चहा नको. उलट लिंबू, पेरू, आवळा, एप्रिल-मेमध्ये काजूचं बोंड यांतलं क जीवनसत्त्व तेच लोह आत ओढायला मदत करतं. तोणाकावर लिंबू पिळायचं ते पानात, चुलीवर नव्हे, कारण उकळताना हे जीवनसत्त्व बरंचसं जातं.

महिनाभर गोळी नेमाने घेऊनही आकडा हलला नाही, तर रक्त कुठे जातंय ते शोधा. पॅड दोन तासांत भिजतं का, पाळी सात दिवसांच्या वर जाते का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का, तांबी (कॉपर-टी) बसवल्यापासून स्राव वाढला का, हे डॉक्टरांना न लाजता सांगायचं. कुळागरात अनवाणी काम होत असेल तर अंकुशकृमीचाही संशय घ्या. हे जंत ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, पण पायात रबरी चप्पल नसेल तर सहा महिन्यांत जंत परत येतील. पूर्ण रक्ततपासणीत पेशींचा आकार लहान आणि संख्या मात्र जास्त दिसली, तर थॅलेसेमियाच्या वाहकतेची तपासणी करून घ्या. तिथे लोहाचा उपयोग नसतो.

आणि रोजच्या वाढण्यात एक बदल करा. भांडी मधे ठेवून सगळ्यांनी एकदम बसा. ते जमत नसेल, तर वाढायला सुरुवात करण्याआधी पत्नीचं पान फोडीसकट वाढून झाकून ठेवा. हे तुम्ही करा, त्यांच्यावर सोडू नका. त्या ते पान दुसऱ्याला देऊन टाकतील.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. हिमोग्लोबिन ९.८. लोहाच्या गोळीने तिला मळमळतं, शौचास काळी आणि घट्ट होते, म्हणून तिने गोळी सोडली. शेजारणी म्हणतात की या गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि फार मोठं होऊन बाळंतपण अडतं. मी तिला सकाळी दुधाबरोबर दोन्ही गोळ्या एकदम देत होते. (फोंडा)

काकी, तुम्ही स्वतः हातात गोळी देत होता हे फार चांगलं. चूक फक्त वेळेची आहे. दुसरी गोळी बहुधा कॅल्शियमची असणार. कॅल्शियम आणि दूध दोन्ही लोहाला अडवतात, त्यामुळे सकाळची लोहाची गोळी बरीचशी वायाच गेली. असं करून बघा:

सकाळी नाश्त्यानंतर कॅल्शियम, ५०० मिलिग्रॅम. दूध प्यायचं तर तेव्हाच.
दुपारच्या जेवणानंतर दुसरं कॅल्शियम.
रात्री जेवून तास-दीड तासाने, झोपण्यापूर्वी लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर.

लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास हवेत. लोह रिकाम्या पोटी उत्तम लागू पडतं, पण मळमळणाऱ्या बाईला तो हट्ट नको. रात्री घेतलेल्या गोळीची मळमळ झोपेत निघून जाते. काळी शौच म्हणजे अंगी न लागलेलं लोह बाहेर पडणं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घट्टपणाला दिवसाला आठ-दहा पेले पाणी, तांबडी भाजी, पिकलेलं केळं किंवा चार भिजवलेल्या मनुका. तरीही ओकारी थांबत नसेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांकडून वेगळ्या प्रकारच्या लोहाची मागून घ्या, किंवा शिरेतून लोह देता येईल का ते विचारा.

बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो, गोळीतून नव्हे. बाळ मोठं होण्याची भीतीही निराधार आहे. उलट, आईत रक्त कमी असलं की बाळ कमी वजनाचं आणि वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो, आणि बाळंतपणात एरवी सहज सोसवेल एवढा रक्तस्राव तिच्या जिवावर बेततो. बाळ लहान राहावं म्हणून सुनेचं जेवण कमी करण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. तुमच्याकडे ती असेल तर आजच थांबवा. गरोदरपणात रोजच्या जेवणावर साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक अंडं, वाटीभर तोणाक आणि एक नाचणीची भाकरी. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनंही रोज २२ ग्रॅम जास्त हवीत.

सरकारी नियमाप्रमाणे रक्त ठीक असलेल्या गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड) १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. ७ ते १०.९ दरम्यान असेल तर रोज दोन गोळ्या. सुनेचं ९.८ आहे, म्हणजे दोन. दुसरी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. जंताची एक गोळीही दुसऱ्या तिमाहीत देतात, ती मिळाली का ते विचारा. दर महिन्याला रक्त तपासा. महिन्यात १ ग्रॅम वाढ दिसली नाही किंवा आकडा ७ च्या खाली गेला, तर आरोग्य केंद्रात न थांबता जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठा. बाळंत झाल्यावरच्या १८० गोळ्या बहुतेक घरं विसरतात, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं. ती आठवण तुम्ही ठेवा.

प्रश्न : रेशनच्या तांदळात पिवळट दाणे येतात, पाण्यावर तरंगतात. प्लास्टिक आहे म्हणून आम्ही निवडून टाकतो. बरोबर ना? (पेडणे)

नका टाकू. ते पोषक दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ मिसळून, दाबून तांदळाच्या आकारात काढतात आणि साध्या १०० दाण्यांत असा एक मिसळतात. म्हणून रंग आणि वजन थोडं वेगळं. अशा किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं, साध्या तांदळाच्या चौपट-पाचपट. तांदूळ एक-दोनदा हलक्या हाताने धुवा, चोळू नका. शिजवलेलं पाणी ओतण्याऐवजी पेजेतच राहू द्या. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर मात्र हा तांदूळ देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले, झुआरीनगरला भाड्याने राहतो. दोघंही हॉटेलात साफसफाई करतो. बायकोला तिसरा महिना, पहिलीच वेळ. रेशन कार्ड गावचं. इथल्या अंगणवाडीत नाव घालतात का? तपासणीला गेलं की दिवसाचा पगार जातो, म्हणून ती अजून गेलेली नाही. (झुआरीनगर)

घालतात. गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या स्त्रीला अंगणवाडीतून आहार मिळणं हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने. मूळ कायद्यात तो रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं एवढा ठरवला होता. त्यासाठी गोव्याचा रहिवासी दाखला लागत नाही. आधार कार्ड आणि राहता पत्ता सांगा, वाटपाचा वार आधीच विचारून ठेवा. एखादी नाही म्हणाली तर भांडण न करता लेखी कारण मागा आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जा.

रेशन : कर्नाटक आणि गोवा दोन्ही 'एक देश, एक रेशन कार्ड'मध्ये आहेत. खानापूरच्या कार्डावर तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानात आणि गावी राहणाऱ्यांचं गावी, असं विभागून उचलता येतं. आडकाठी येते ती बहुधा आधार जोडणीची. बायकोचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल, तर ते आधी कमी करून तुमच्या कार्डावर चढवा. लग्नानंतर वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या यादीतून गळलेल्या बायका या वस्त्यांत कमी नाहीत, त्यांचं ५ किलो धान्य कुठल्याच घरात येत नाही.

तपासणी : दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. त्या एका दिवसाची सुट्टी मुकादमाकडे आधीच मागून ठेवा. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, लघवी, वजन एवढं झालंच पाहिजे आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं पाहिजे. पुढे प्रत्येक ठिकाणी तेच कार्ड लागतं, गावी गेल्यावरही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. नोंदणी आणि एका तपासणीनंतर ३,०००, बाळाचा जन्मदाखला आणि लसींचा पहिला टप्पा झाल्यावर २,०००. खातं बायकोच्या नावाचं हवं.

पगार : तिच्या पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का ते बघा. ती राज्य कामगार विम्याची. मागच्या दोन सहामाही हप्ता-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा विम्यातून मिळते. कपात होत नसेल तर ठेकेदाराला विचारा, कारण पगारपत्रक न देणाऱ्या ठेक्यावर नेमकी हीच गोष्ट लपलेली असते. तिने वाकून भिजलेल्या चादरींचे गठ्ठे उचलणं मात्र आजपासून बंद.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, वजन ६८ किलो, तरी हिमोग्लोबिन १०.२. लठ्ठ मुलीला कुपोषण कसं? (मडगाव)

वजन उष्मांकांनी वाढतं, रक्त लोह-प्रथिनांनी बनतं. सकाळी चहा-पाव, मधल्या सुट्टीत वडा किंवा चिप्स, संध्याकाळी भाजी-पाव आणि थंड पेय, यात उष्मांक पुष्कळ आणि लोह नगण्य. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत गोव्यातल्या ३६ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आणि सुमारे १४ टक्क्यांचं कमी निघालं. दोन्ही टोकं एकाच गावात, कधी एकाच घरात आहेत.

तिला उपाशी ठेवू नका. बारीक होण्यासाठी रात्रीचं जेवण सोडणाऱ्या मुलींचं रक्त आणखी उतरतं. पावाच्या जागी पोदेराकडची (पाववाल्याकडची) कोंड्याची पोळी, त्याबरोबर अंडं किंवा अळसांद्याचं तोणाक, डब्यात भाजलेले चणे आणि पेरू, थंड पेयाऐवजी साखर कमी घातलेलं कोकम. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून असते, झालेल्या रक्तक्षयाला ती पुरत नाही. रोजची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाळी किती दिवस चालते ते आईने शांतपणे विचारावं, कारण या वयात जास्त स्राव हेच मोठं कारण असतं आणि मुली तो नेहमीचाच समजून गप्प राहतात.

प्रश्न : आमच्या वाड्यावर गावडा आणि वेळीप या आदिवासी समाजांची घरं जास्त. बचतगटात १४ बायका, महिन्यातून एकदा तासभर बैठक. जवळचा दवाखाना बसने दूर. डॉक्टर नसताना आम्ही काय करू शकतो? (सांगे)

बरंच. एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि एक वही घ्या. प्रत्येकीची उंची एकदाच, वजन दर तीन महिन्यांनी. उंची १४५ सेंटिमीटर असेल तर वजन ३९ किलोच्या खाली, १५० ला ४१.६ च्या खाली, १५५ ला ४४.४ च्या खाली, म्हणजे ती बाई कुपोषित. गरोदर बाईच्या डाव्या दंडाचा मधला घेर २३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तिचं नाव त्याच आठवड्यात आरोग्यसेविकेला द्या. चौथ्या महिन्यानंतर तिचं वजन महिन्याला दीड-दोन किलो वाढायला हवं.

हिमोग्लोबिनसाठी १४ जणींनी १४ बसफेऱ्या करण्यापेक्षा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवशी यंत्र घेऊन वाड्यावर येण्याचा लेखी अर्ज पंचायतीमार्फत आरोग्य केंद्राला करा. बोट टोचताना बोट दाबून-पिळून रक्त काढू देऊ नका. पिळलं की कातडीखालचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा, पहिला थेंब पुसून टाकावा आणि दुसरा, आपोआप आलेला थेंब घ्यावा.

वहीत आणखी दोन रकाने ठेवा : काल कोणाच्या आधी जेवलात की नंतर, आणि काल अंडं, मासा किंवा कडधान्य पानात होतं का. हे कुणाला लाजवण्यासाठी नाही. तीन महिन्यांची उत्तरं एकत्र पाहिली की कुठल्या घरात अन्नच कमी आहे आणि कुठल्या घरात ते वाटताना कमी पडतं, हे वेगळं दिसतं. दोन्हीचे उपाय निराळे. पहिल्या घराचं रेशन कार्ड, अंत्योदयची पात्रता, गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये खरंच तिच्या खात्यात येतात आणि तिच्याच हातून खर्च होतात का, हे तपासा. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईचंच नाव असतं, तसा कायदा आहे. दुसऱ्या घरात सासूबाईंना आणि नवऱ्यांना एका बैठकीला बोलवा आणि आकडे त्यांच्यापुढे ठेवा.

सामूहिक काम म्हणून पावसाळ्याआधी गटाने मिळून कुळीथ, अळसांदे आणि नाचणी पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) वेळी एकरकमी घ्या. सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि बंदीच्या दोन महिन्यांत सुक्या बांगड्यापलीकडे काहीतरी पानात येतं.

गर्भवती नसलेल्या २० ते ४९ वयाच्या बायकांनी आठवड्याला एक लाल गोळी घ्यायची असते. ती अंगणवाडीत किंवा आशा सेविका असेल तिथे तिच्याकडे मागा. घरी नेलेली पाकिटं बहुधा फळीवरच राहतात. म्हणून गोळीचा एक वार सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि बैठकीच्या आठवड्यातली गोळी बैठकीतच, पाण्याचा तांब्या फिरवून घ्या. बैठकीतला चहा मात्र बंद करा, त्या दिवशी लिंबाचं सरबत ठेवा.